ईसरलाट कोणावरच्या विजयाची? जयपूरचा ईश्वरीसिंग आणि आपण

सातपुड्यापलीकडे

दिवाळीच्या सुट्टीत जयपूरला गेलो होतो. त्रिपोलिया बाजाराजवळ सात मजली मनोरा आहे. नाव ईसरलाट, पण तिथले लोक सरगासूली म्हणतात. वाटाड्याने ठेवणीतली गोष्ट काढली: राजा ईश्वरीसिंगाचं मन दिवाण हरगोविंद नाटाणीच्या मुलीवर जडलं, ती दिसावी म्हणून हा मनोरा. मी विचारलं, "आणि राजमहलची लढाई?" त्याने माझ्याकडे नीट बघितलं, म्हणाला, "आप महाराष्ट्र से हैं क्या?" आणि विषय बदलला.

राजमहल हे गावाचं नाव, तिथली लढाई १ मार्च १७४७ ची. एका बाजूला ईश्वरीसिंग. समोर त्याचा सावत्र भाऊ माधोसिंग, त्याचा पाठीराखा उदेपूरचा राणा जगतसिंग आणि त्यांच्या मदतीला खंडेराव होळकर, म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान. जिंकला ईश्वरीसिंग. त्या विजयाचा हा मनोरा, १७४९ चा. आपली माणसं तिथे चढून सेल्फी काढतात, आणि हरलेल्यांत आपणही होतो हे कोणाच्या गावी नसतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून चालत नाही, म्हणून थोडक्यात. ऑगस्ट १७४८ मध्ये बगरूला मल्हारराव स्वतः उतरले. ईश्वरीसिंगाच्या बाजूने सूरजमल जाट झुंजला, तरी शेवटी माधोसिंगाला पाच परगणे आणि बुंदीच्या हटवलेल्या राजाचा मुलगा उम्मेदसिंग याला बुंदी द्यावी लागली. वर खंडणी कबूल केली, ती थकली. १७५० च्या अखेरीस मल्हारराव वसुलीला निघाले. ईश्वरीसिंगाची माणसं दोन लाख घेऊन सामोरी गेली, त्याने काहीच भागलं नाही. डिसेंबरमधल्या एका रात्री राजाने औषधाला हवं म्हणून विष आणि जिवंत नाग मागवला, विष घेतलं आणि नाग डसवून घेतला. तीन राण्या आणि एका उपस्त्रीनेही विष घेतलं. राजा तिशीच्या आतबाहेरचा.

माझं मत स्पष्ट आहे. विष त्याने स्वतःच्या हाताने घेतलं, पण तो पेला आपण भरला. आणि याची किंमत आपणच दहा वर्षांनी पानिपतावर मोजली, तिथे एकही राजपूत राजा आपल्या बाजूला उभा नव्हता. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या तेव्हा ईश्वरीसिंगाचे वडील सवाई जयसिंग यांनी त्यांचं जयपुरात केवढं स्वागत केलं होतं! तिथून पंधरा वर्षांत आपण कुठे आलो?

तलवारीचं पातं

आला, वर्षातून एकदा येणारा धागा आला. स्वतःच्याच माणसांना झोडपलं की विचारवंत झाल्यासारखं वाटतं बहुतेक.

साहेब, भांडण कोणाचं होतं? १७०८ मध्ये जयसिंगाने उदेपूरची राजकन्या करताना लिहून दिलं की हिला मुलगा झाला तर गादी त्याची, मग तो धाकटा का असेना. थोरला ईश्वरीसिंग आधी जन्मला, १७२८ मध्ये माधोसिंग झाला. म्हणजे यादवीचं बी बापाने स्वतः पेरलं, तेव्हा मराठे नर्मदेपलीकडे कायमचे आलेही नव्हते.

आणि बुंदी? तिथल्या बुधसिंगाला काढून आपल्या मर्जीतला दलेलसिंग कोणी बसवला? याच जयसिंगाने. बुधसिंगाची राणी तर जयसिंगाची बहीण. तिने १७३४ मध्ये मल्हाररावांना राखी पाठवून बोलावलं. घरच्या भावाविरुद्ध मराठी भाऊ करावा लागला त्या बाईला. चूल त्यांची, लाकडं त्यांची, आणि धूर झाला की दोष शेजाऱ्याचा?

मोडीवेडा

पातं, १७०८ च्या कराराबद्दल तुमचं बरोबर आहे, पण बोलावलं म्हणून जाणं आणि दोन्हीकडून बोली लावून घेणं यात फरक आहे. शिंद्यांचा कल ईश्वरीसिंगाकडे होता, होळकर माधोसिंगाकडे. पेशव्यांनी आधी ईश्वरीसिंगाचा हक्क मान्य केला, मग उदेपूरकडून नजराण्याचा आकडा वाढला तसा सूर बदलला. १७४८ मध्ये नानासाहेब स्वतः निवाईपर्यंत आले होते. तेव्हा एक निकाल देऊन तो दोन्ही सरदारांच्या गळी उतरवला असता तर प्रश्न मिटत होता. झालं उलटंच. जयपूरवाल्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की मराठे म्हणजे नक्की कोण: पुणं, शिंदे की होळकर.

याचं मूळ लोभात कमी आणि कर्जात जास्त आहे. बाजीराव आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने किती गांजले होते ते वाचा. फौज कर्जावर उभी राहायची, कर्ज खंडणीतून फिटायचं, खंडणीसाठी पुन्हा फौज. ज्याच्या दारात सावकार बसलाय तो दुसऱ्याच्या दारात बसणारच.

बटाटेवडा

(पाय पसरून बसलोय. चालू द्या.)

भाला

मूळ धाग्यात १० जानेवारी १७५१ चा एका शब्दाने उल्लेख नाही, हे चुकून की मुद्दाम?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ईश्वरीसिंग गेल्यावर माधोसिंग गादीवर बसला, मराठ्यांच्या जोरावर. जयाप्पा शिंदे येऊन पोचले. छावणीतली माणसं नवं शहर बघायला, देवदर्शनाला, बाजार करायला आत गेली. दुपारी वेशी बंद झाल्या आणि कत्तल सुरू झाली, ती रात्रीपर्यंत. सुमारे तीन हजार माणसं मारली गेली. लढाईत नाही, बाजारात. त्याआधी शिंदे-होळकरांना विषाची मेजवानी द्यायचा बेत झाला होता, ते गेले नाहीत म्हणून वाचले. चार वर्षांनी याच जयाप्पांना नागोरला जोधपूरच्या विजयसिंगाने दगा करून मारलं. त्या तीन हजारांसाठी कुठला मनोरा आहे?

सातपुड्यापलीकडे

भाला, आक्षेप मान्य. तो प्रसंग लिहायला हवा होता. मुद्दाम वगळला नाही, पण न लिहून माझी बाजू सोपी झाली हे खरं.

मात्र त्याच्याकडे माझ्या बाजूनेही बघा. ज्याला आपण गादी दिली त्यानेच, किंवा त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या शहराने, हे केलं. का? कारण जयाप्पांनी आल्या आल्या राज्याचा तिसरा-चौथा हिस्सा मागितला. म्हणजे आधीच्या राजाचे शत्रू म्हणून आलो आणि महिन्याभरात नव्या राजाचेही शत्रू झालो. रामपुरा-भानपुरा होळकरांना मिळालं, ठीक. पण तो मुलूख मुळात मेवाडचा (म्हणजे उदेपूरचा), भाच्याला, म्हणजे माधोसिंगाला, जहागीर म्हणून दिलेला. म्हणजे एका व्यवहारात उदेपूर आणि जयपूर दोघांनाही दुखावलं.

सांगानेरी

मी बावीस वर्षं जयपुरात आहे, सासर इथलंच मराठी. तुमची ही लढाई वाचून हसू आलं आणि थोडा रागही.

इथे ब्रह्मपुरीत पुंडरीकांची हवेली आहे, भिंतींवर सुंदर चित्रं आहेत. रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रातले ब्राह्मण, जयसिंगाचे गुरू. त्याच्या यज्ञयागांमागे हेच. जंतरमंतर बघायला जाता ना सगळे? त्या कामात जयसिंगाचा उजवा हात जगन्नाथ सम्राट, तोही मराठी. अरबीतून टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणला तो 'सम्राट्सिद्धांत', आणि युक्लिडची भूमिती म्हणजे 'रेखागणित', ही त्याची कामं. शहराची पायाभरणी १७२७ ची, आखणीत विद्याधर हा बंगाली. म्हणजे ज्या शहरात १७५१ साली मराठा दिसला की कापला, ते वसवणाऱ्या दरबारात मराठी माणूस मानाच्या गादीवर होता. हे एका वाक्यात बसवून दाखवा, मग कोण खलनायक ते ठरवू.

आणि भालादादा, इथे तीन हजारांचा मनोरा नाही हे खरं. पण नागोरजवळ ताऊसरला जयाप्पांची छत्री आहे. बघितलीय?

भाला

नाही बघितली, ताई. पुढच्या खेपेला नक्की.

हिशेबनीस

आयुष्य बँकेच्या थकबाकी खात्यात गेलं, त्यामुळे मला हे प्रकरण जरा वेगळं दिसतं. भावनेचं राहू द्या, वसुलीचं बोलू.

कर्जदाराला तीन गोष्टी लागतात: देणं किती, कोणाला, आणि फेडल्यावर त्रास थांबेल याची खात्री. ईश्वरीसिंगाकडे यातली एकही नव्हती. आकडा दरवेळी नवा. घेणारे तीन, आणि एकाला दिलं की दुसरा रुसणार. फेडलं तरी पुढच्या वर्षी कोणी येणार नाही याची हमी कोण देणार? अशा वेळी कर्जदार काय करतो हे मी पाहिलंय. तो टाळतो, खोटी वचनं देतो, आणि घरातल्याच माणसांवर संशय घेऊ लागतो. त्याने नेमकं हेच केलं. केशवदास खत्री हा त्याचा सगळ्यांत हुशार मंत्री, मराठ्यांशी बोलणी करू शकणारा. तो मल्हाररावांना फितूर आहे असं नाटाणीने कानात भरलं आणि राजाने त्याला विष देऊन मारवलं. वाटाघाट करणारा माणूसच संपवला. मल्हारराव शेवटच्या वेळी चिडून आले त्यात केशवदासाचा राग होताच. म्हणजे ईश्वरीसिंग निष्पाप नव्हता, हेही धागाकर्त्याने लिहायला हवं होतं.

आता तुलना. एप्रिल १८१८ मध्ये जयपूरने इंग्रजांशी तह केला. पहिल्या वर्षी काही नाही, मग चार लाख, पाच, सहा, सात, शेवटी वर्षाला आठ लाख. रक्कम काही थोडी नव्हती. राज्याला ती झेपली नाहीच, थकत गेली. १८४२ मध्ये इंग्रजांनी सेहेचाळीस लाखांची थकबाकी सोडून दिली आणि सालाना आकडा चार लाखांवर आणला. आमच्या भाषेत तडजोड. दयाळू होते म्हणून नाही, बुडीत खातं ओळखायची अक्कल होती म्हणून. जयपूर त्यांच्याकडे राहिलं ते १९४७ पर्यंत. आपण मात्र त्याच गिऱ्हाइकाकडे १७८७ ला लालसोटजवळ तुंगा इथे पुन्हा वसुलीसाठी लढलो, १७९० ला पाटणला पुन्हा. महादजींसारखा माणूसही त्या चक्रातून सुटला नाही.

तलवारीचं पातं

वा! म्हणजे आता इंग्रज आदर्श. मराठ्यांना बँक काढायला हवी होती, नाही का?

हिशेबनीसकाका, इंग्रजांच्या पाठीशी बंगालचा महसूल होता. त्यांना थकबाकी सोडणं परवडत होतं. पुण्याला ते परवडत होतं का, हे मोडीवेडा वर सांगून गेले आहेतच.

आणि पानिपताचं तुणतुणं नको. माधोसिंगाचा अब्दालीशी पत्रव्यवहार चालू होता. ज्या भावाला आपण गादी मिळवून दिली तो! त्याच्या वैऱ्याला आपण छळलं असेल, त्याला तर नाही ना? मग त्याने तरी यायला हवं होतं. तुमच्या सिद्धांताप्रमाणे कृतज्ञता कुठे गेली?

सातपुड्यापलीकडे

पातं, बंगालच्या महसुलाचा मुद्दा जोरदार आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण माधोसिंगाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. ज्याला मदत केली तोही आपला राहिला नाही, कारण मदतीचं बिल मदतीपेक्षा मोठं होतं. पानिपताला अकरा महिने झाले नाहीत तोच, नोव्हेंबर १७६१ मध्ये मांगरोळला मल्हारराव याच माधोसिंगाच्या फौजेशी लढत होते. जिंकलेही. अब्दालीनंतर उत्तरेत सगळं कोसळलेलं असताना पहिली मोठी लढाई आपण कोणाशी केली? स्वतःच बसवलेल्या राजाशी.

मोडीवेडा

ती वसुलीची लढाई नव्हती फक्त. पानिपतानंतर माधोसिंग कोटा गिळायला निघाला होता आणि बाकी संस्थानांना मराठ्यांविरुद्ध उठवत होता. भटवाड्याला कोटेकरांनीच त्याला चोपलं. मल्हाररावांनी मांगरोळ जिंकलं नसतं तर माळवाही गेला असता. पानिपतावरून निघून गेले म्हणून ज्यांना शिव्या देतात, त्यांनी त्याच वर्षी राजस्थान सावरलं. इथे मी पात्यांच्या बाजूला.

तलवारीचं पातं

नोंद घेतली. तारीख लिहून ठेवतो.

बटाटेवडा

एक बालबुद्धी शंका. नाटाणीच्या मुलीची गोष्ट खरी की खोटी? कोणीच सांगेना.

सांगानेरी

पुरावा काही नाही. मनोरा विजयाचाच. पण नाटाणीची दुसरी गोष्ट इथे म्हातारी माणसं अजून सांगतात, ती मला जास्त खरी वाटते, घडली असो वा नसो. मल्हारराव येताहेत कळल्यावर राजाने विचारलं, फौज कुठे आहे? नाटाणी म्हणाला, लाखभर फौज माझ्या खिशात आहे. होळकर अगदी जवळ आले तेव्हा राजाने पुन्हा विचारलं. तर म्हणे, अन्नदाता, खिसा फाटला.

सातपुड्यापलीकडे, ईश्वरीसिंगाची छत्री बघितलीत का?

सातपुड्यापलीकडे

गैटोरला गेलो होतो. सवाई जयसिंगाची संगमरवरी छत्री बघितली, माधोसिंगाची बघितली. ईश्वरीसिंगाची सापडली नाही. वेळ कमी होता म्हणून जास्त शोधली नाही.

सांगानेरी

तिथे सापडणार नाही. जयनिवास बागेपलीकडे, तालकटोऱ्याच्या बाजूला आहे, शहराच्या आत. राजघराण्याची स्मशानभूमी गैटोरला, हा एकटाच आत. गैटोर तटाबाहेर आहे, आणि त्या दिवशी तटाबाहेर मल्हाररावांची छावणी होती, असं इथे सांगतात.