यंत्र घेतलं की नवं काही सुचतं का?

रबाळे_टूलरूम
काल एक पोस्ट वाचली. लघुउद्योजकांची मानसिकता जुनी, सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) घ्या, सेन्सर बसवा, नवकल्पना आपोआप येतील म्हणे. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. माझ्याकडे २०१६ पासून व्हीएमसी, म्हणजे असंच एक सीएनसी मशीन, आहे. तिच्यावर ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे तेच जॉबवर्क करतो, फक्त लवकर होतं. स्वतःचं एक फिक्स्चर, म्हणजे काम चालू असताना जॉब पकडून ठेवणारा साचा, बनवायला घेतलं होतं. ट्रायलला मटेरियल गेलं, मशीन लावून देणारा सेटर आठ दिवस अडकला, आणि नेमकं तेव्हाच माझं बिल पाच महिने थकलेलं. मशीनला बँक कर्ज देते, फसलेल्या ट्रायलला कोण देतं?

ऐरोली_सेक्टर८
पोस्ट माझीच. व्यवस्थेच्या नावाने किती दिवस रडणार? आपल्या औषध कंपन्या याच देशात उभ्या राहिल्या ना?

वागळे_जुना
अहो, ते उदाहरण तुमच्यावरच उलटतं. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरचं पेटंट काढलं, प्रक्रियेवरचं ठेवलं. म्हणून आपले केमिस्ट तेच औषध वेगळ्या वाटेने बनवायला शिकले. २००५ पासून औषधावर पुन्हा पेटंट आलं आणि कंपन्यांना नव्या रेणूंकडे, म्हणजे स्वतःच्या नव्या औषधांकडे, वळावं लागलं. नियम बदलला तशी डोकी वळली.
आमच्याकडे उलटं झालं. आमचा माल लघुउद्योगांसाठी राखीव होता. यंत्रांतली गुंतवणूक मर्यादेपलीकडे गेली की लघुउद्योग म्हणून मिळणारं सगळं जाणार. मग वडिलांनी आईच्या नावावर दुसरं युनिट काढलं. दोन्हीकडे जुन्याच लेथ. राखीव यादीतल्या शेवटच्या २० वस्तू २०१५ मध्ये निघाल्या, तोवर आमची उमेद गेली होती.

ऐरोली_सेक्टर८
म्हणजे संरक्षणाने आळशी केलं. मी तेच म्हणत होतो.

वागळे_जुना
माझ्या वडिलांना आळशी म्हणू नका. बारा-बारा तास उभे असायचे.

ऐरोली_सेक्टर८
शब्द चुकला, मागे घेतो. मुद्दा सोडत नाही.

महापे_अकाउंट्स
बिल थकलं म्हणता, पण लघुउद्योगांचे पैसे वेळेत देण्याचा कायदा २००६ पासून आहे. ४५ दिवसांत पैसे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दावा का लावत नाही?

रबाळे_टूलरूम
ताई, दावा लावला की पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, बंद. वर तो आयकराचा ४३बी(एच) आला, लघुउद्योगाला वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. माझ्या ग्राहकाने काय करावं? मलाच सांगितलं, लघुउद्योग म्हणून असलेली उद्यम नोंदणी रद्द करा, म्हणजे त्याला नियमच लागणार नाही!

महापे_अकाउंट्स
सगळे तसे नसतात. आमच्याकडे ४० व्या दिवशी पेमेंट जातं, मी स्वतः पाठपुरावा करते. तुम्हा पुरवठादारांचं अर्धं बिलिंग चुकीचं येतं, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) जुळत नाही, त्याचं काय?

रबाळे_टूलरूम
माझं एक बिल दाखवा चुकीचं. एक!

वागळे_जुना
भांडू नका. ट्रेड्सवर, म्हणजे थकलेल्या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, बिल टाका, बँका बोली लावतात, पैसे दोन दिवसांत.

रबाळे_टूलरूम
काका, बिल आधी खरेदीदाराने तिथे मान्य करावं लागतं. तो नोंदणीच करत नाही.

ऐरोली_सेक्टर८
हे मला माहीत नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही आधी अॅडव्हान्स घेतो, मग काम. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. ते फिक्स्चर कशासाठी होतं?

रबाळे_टूलरूम
पातळ भिंतीच्या पंप हाउसिंगसाठी, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचासाठी. क्लॅम्प केलं की वाकतं. ड्रॉइंग कपाटात आहे.