असईला हरलेल्या लढाईचं स्मारक हवंच कशाला?

कपाशीवाला: मागच्या महिन्यात जालन्याहून असईला जाऊन आलो, रस्ता विचारत विचारत. २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना हरवलं ते हेच गाव. बंगळुरात असाये रोड आहे, स्कॉटिश पलटणीने असईचा म्हणून हत्ती झेंड्यावर मिरवला आणि आपण काय केलं? माझं म्हणणं, नदीकाठी नीट स्मारक हवं, मराठीत माहिती हवी.

साधाभोळा: कशाला पण? हरलो तिथे आता हारतुरे घालायचे का? तेवढ्या पैशात गावाचा रस्ता करा.

जुईकाठ: साधाभोळा, हरलो म्हणून विसरायचं? आपल्या तोफांनी गोऱ्यांची काय हालत केली ते वाच आधी. त्यांचे मेलेले-जखमी मिळून दीड हजारांच्या वर! आपले काही गोलंदाज मेल्याचं सोंग करून पडले आणि पलटण पुढे गेल्यावर उठून मागून परत तोफा डागल्या. वेलस्लीच पुढे वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा.

साधाभोळा: आणि "आपण" म्हणजे कोण रे नेमके? शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पोलमन, तो जर्मन. पेशव्याने वसईचा तह करून इंग्रजांना घरात घेतलेलं, त्याचे घोडेस्वार तर त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूला. पाटीवर हे लिहिणार का, की फक्त "शूर मराठे"?

कपाशीवाला: लिहायचंच! तेच तर म्हणतोय मी. वाटाडे म्हणाले इथे नदी ओलांडायला उतार नाही, तर वेलस्लीने केळणा नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं बघितली आणि म्हणाला उतार असणारच, आणि होता, तिथूनच फौज पार नेली. हे नदीकाठी उभं राहून ऐकायला किती मजा येईल.

जुईकाठ: खरंय. आणि शिंदे-भोसले स्वतः लढाई संपायच्या आत निघून गेले तेही लिहा, ९८ तोफा मागे राहिल्या. सुमारे तीन महिन्यांत भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला तह केले.

साधाभोळा: हे सगळं लिहिणार असाल तर ठीकय. पण पुढाऱ्याचा फोटो मधोमध लावलात तर मी येणार नाही बघायला.

कपाशीवाला: फोटो लागणार रे, मला माहितीये. निदान पाटीच्या मागच्या बाजूला लावा म्हणावं.