पायाभूत कामांसाठी शहरांनी रोखे काढावेत का?

पाटकरी (धागाकर्ता)

पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पूल अशा मोठ्या कामांसाठी शहरांनी रोखे (बाँड, म्हणजे लोकांकडून ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्या कर्जाचे कागद) काढून बाजारातून पैसा उभारावा की नाही, यावर मी माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. काढावेत, आणि कचरत न बसता काढावेत.

जमिनीखाली टाकलेली जलवाहिनी पन्नास-साठ वर्षं सहज चालते. तिचा सगळा खर्च दोन-तीन वर्षांच्या करातून काढायचा म्हणजे आजच्या करदात्याने सगळं भरायचं आणि पुढच्या दोन पिढ्यांनी आयतं वापरायचं. वीस वर्षांच्या रोख्यात तो भार वाटला जातो. आणि 'पैसे साठले की काम करू' म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की तोवर मैलापाणी कुठे सोडायचं? नदीतच ना?

हे काही नवं खूळ नाही. न्यू यॉर्क शहराने १८१२ मध्ये कालव्यासाठी असे रोखे काढले होते. आज अमेरिकेत हा बाजार सुमारे ४ लाख कोटी डॉलरचा आहे. तिथे या रोख्यांच्या व्याजावर सहसा केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही, म्हणून लोक कमी व्याजावरही पैसे द्यायला तयार असतात. भारतात अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटी रुपये उभारले. पण त्याआधी जकात आणि मालमत्ता कराची वसुली सुधारली, हिशेब मार्गी लावले, पतमानांकन (कर्ज फेडण्याची ऐपत किती, याचं त्रयस्थ संस्थेने ठरवलेलं माप) करून घेतलं. मला रोख्यांचा हाच फायदा सगळ्यात मोठा वाटतो. अनुदान मागायला अर्ज पुरतो, रोखा विकायला वह्या उघडाव्या लागतात.

जमाखर्च

पाटकरी, अहमदाबादचं मान्य. पण तुम्ही पास झालेलं शहर निवडलंत. नापास झालेलंही बघू.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जेफरसन काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) आहे, बर्मिंगहॅम शहर तिच्यातच येतं. काम अगदी योग्य होतं. मैलापाणी कहाबा नदीत जात होतं, खटला झाला, आणि १९९६ मध्ये काउंटीला न्यायालयात लिहून द्यावं लागलं की गटारं दुरुस्त करू. त्यासाठी रोखे निघाले. पुढे २००२-०३ च्या सुमारास स्थिर व्याजाचे जुने रोखे फेडून बहुतेक कर्ज बदलत्या व्याजावर नेलं आणि त्यावर व्याजदराच्या अदलाबदलीचे करार (आपण बँकेला स्थिर व्याज द्यायचं, तिने आपल्याला बदलतं), म्हणजे स्वॅप, चढवले. कागदावर बचत दिसत होती. २००८ मध्ये रोख्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांचंच मानांकन घसरलं, रोख्यांना गिऱ्हाईक मिळेना, व्याज एकदम चढलं आणि स्वॅप ऐन वेळी कामाला आले नाहीत. नोव्हेंबर २०११ मध्ये काउंटी दिवाळखोरीत गेली. त्यात नुसतं गटारांचं कर्ज ३ अब्ज डॉलरच्या वर होतं.

या व्यवहारांतली लाचखोरी कोर्टात सिद्ध झाली. जेपी मॉर्गनने २००९ मध्ये नियामकाशी तडजोड करताना ७.५ कोटी डॉलर भरले आणि स्वॅप मोडण्यापोटी मागितलेल्या ६४.७ कोटी डॉलरवर पाणी सोडलं. पण सांडपाण्याचे दर त्या काळात कित्येक पटींनी वाढले, ते भरले घराघरातल्या माणसाने. त्यातल्या किती जणांना स्वॅप म्हणजे काय हे कुणी विचारलं होतं?

फीत कापणाऱ्याची मुदत चार-पाच वर्षं, रोख्याची वीस-तीस. माझा आक्षेप इथे आहे. पुढच्या पिढीवर भार 'वाटला' म्हणता, पण सही करताना ती पिढी टेबलाशी नसते.

मोजपट्टी

तुम्ही दोघंही रोखा हा एकच प्रकार धरून चालला आहात. एका प्रकारात शहर आपली सगळी पत आणि करवसुली मागे उभी करतं. दुसऱ्यात फक्त त्या प्रकल्पाचं उत्पन्न, म्हणजे पाणीपट्टी, टोल, सांडपाण्याचं शुल्क. यात पैसा आधी एस्क्रो खात्यात, म्हणजे शहराला परस्पर हात लावता न येणाऱ्या राखीव खात्यात, येतो, त्यातून हप्ता बाजूला निघतो आणि मग उरलेला शहराच्या हाती पडतो. दुसऱ्या प्रकारात दर वाढवण्याचं बंधन करारातच लिहिलेलं असतं. निवडणूक आली म्हणून पाणीपट्टी गोठवता येत नाही. हे वरदान की फास, ते तुम्ही कुठल्या घरात राहता त्यावर ठरेल.

माझ्या मते वाद परतफेडीच्या तक्त्यावर व्हायला हवा, कारण सगळा खेळ तिथे आहे. १०० कोटींचं कर्ज, ८ टक्के व्याज, २० वर्षं. समान वार्षिक हप्ते ठेवले तर एकूण साधारण २०४ कोटी जातात. दरवर्षी नुसतं व्याज देऊन मुद्दल शेवटी एकरकमी फेडलं तर २६०. आणि वीस वर्षं काहीच न भरता व्याजावर व्याज चढू दिलं तर ४६६. कर्ज तेच, व्याजदर तोच!

शेवटचा प्रकार कुणी करत नसेल असं वाटत असेल, तर कॅलिफोर्नियातल्या पोवे शालेय जिल्ह्याकडे (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे) बघा. २०११ मध्ये सुमारे १०.५ कोटी डॉलर उचलले, पहिली वीस वर्षं परतफेड नाही, आणि एकूण देणं जवळपास ९८ कोटी. कर वाढवणार नाही असा शब्द दिलेला होता, तो पाळला, आणि बोजा पुढे ढकलला. बरीच ओरड झाल्यावर राज्याने २०१३ मध्ये कायदा करून अशा रोख्यांची परतफेड मुद्दलाच्या चौपटीपर्यंत मर्यादित केली. मला ही मर्यादाही फार सैल वाटते.

निविदा

प्रत्यक्ष कामं जवळून पाहतो म्हणून एक भर. रोख्याचं व्याज पैसा हाती आला त्या दिवसापासून धावू लागतं. काम मात्र धावत नाही. जागेचा ताबा नाही, रस्ता खोदायची परवानगी नाही, निविदेला एकच ठेकेदार आला म्हणून फेरनिविदा. तोवर रक्कम बँकेत पडून. ठेवीवर ७ टक्के मिळत असतील आणि रोख्यावर ८ द्यायचे असतील, तर एक खड्डाही न खणता शहर रोज पैसे गमावतंय. भूसंपादन झालं नसेल तर रोखा काढूच नये, याच्या मी ठाम बाजूचा आहे.

पाटकरी

निविदा, पूर्ण सहमत. जमाखर्च, तुमच्याशी नाही.

जेफरसनला गटारांनी बुडवलं नाही. बदलत्या व्याजाने, स्वॅपने आणि लाचखोरीने बुडवलं. न्यू यॉर्क १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेलं ते पगार-पेन्शनसारख्या रोजच्या खर्चासाठी अल्पमुदतीची कर्जं काढून, आणि चालू खर्च भांडवली खात्यात दाखवून. यातून निघणारा नियम स्पष्ट आहे: कर्जाची मुदत मालमत्तेच्या आयुष्यापेक्षा कमी, व्याज स्थिर, आणि कर्जाचा पैसा पगाराला नाही. एवढं पाळणाऱ्या शहराला तुम्ही का अडवता?

जमाखर्च

कारण पाळलं जातंय की नाही हे नागरिकाला कळतच नाही. दर वेळी बुडाल्यावर सांगतात की वापर चुकला. मग चुकीचा वापर इतका सोपा का ठेवलाय? अमेरिकेत बऱ्याच राज्यांत करांच्या पाठबळावरच्या रोख्यांना मतदान लागतं, महसुली रोख्यांना, म्हणजे प्रकल्पाच्या उत्पन्नावरच्या रोख्यांना, बहुधा लागत नाही. नेमकं ज्यात दरवाढ करारात बांधलेली असते तेच मतदानाबाहेर. माझी अट आहे की मोजपट्टींनी दिला तसा तक्ता, वर्षवार आणि दरडोई, मतदारापुढे ठेवा आणि कौल घ्या.

उपनगर

या चर्चेत लहान गावं कुठेच नाहीत. त्यांना पतमानांकन परवडत नाही, आणि त्यांच्या एवढ्याशा रोख्याला विचारतं कोण? तमिळनाडूने २००२ मध्ये १३ लहान नगरसंस्थांची गरज एकत्र करून पाणी-मलनिस्सारणासाठी सुमारे ३० कोटींचे रोखे काढले, वर राखीव निधी आणि अंशतः हमी ठेवून. जमाखर्च, तुमची मतदानाची अट इथे लावली तर तेरा गावांत तेरा कौल घ्यावे लागतील. एका गावाने नाही म्हटलं की बाकीच्या बारांचं पाणी अडलं. हे कसं सोडवायचं ते सांगा.

जमाखर्च

नाही म्हणणारं गाव बाहेर पडेल, उरलेल्यांचा रोखा लहान होईल. व्याज थोडं चढेल. ज्याला हप्ता भरायचा नाही त्याला त्यात ओढण्यापेक्षा ते मला मान्य आहे.

पाटकरी

मला नाही. पाण्याच्या बाबतीत तर अजिबात नाही. बाहेर पडलेल्या गावाचं सांडपाणी खालच्या गावाच्याच नदीत येणार आहे.