ड्रोन हॅक करून त्यानेच गार्ड उडवायचा, मग स्टेल्थ कसलं?

अर्धाकटिंग: 'इन्व्हिझिबल, इंक.' (क्ले एंटरटेनमेंट, 2015) हा टर्न-टर्नने खेळायचा हेरगिरीचा गेम पुन्हा खेळायला काढलाय. काल डेक्कनला मित्राच्या रूमवर त्याने गेममधल्या सांकाकू कंपनीच्या मिशनमध्ये ड्रोनची फायरवॉल फोडली आणि त्याच ड्रोनच्या बंदुकीने दारातला गार्ड उडवला. बाकीचे टाळ्या पिटत होते. मला नाही पटलं. लपतछपत जाऊन माल काढायचा गेम आहे हा. गोळ्याच घालायच्या तर शूटर खेळा की राव.

पर्वतीपायथा: यालाच गनिमी कावा म्हणतात. लाल महाल विसरलास का?

नळस्टॉप_रात्री: आला! प्रत्येक धाग्यात महाराज आणलेच पाहिजेत का? मुद्दा हिशेबाचा आहे. गार्ड मेला की अलार्म चढतो, वर साफसफाईचे पैसे कापतात. इन्कॉग्निटाची, म्हणजे आपल्या हॅकिंगवाल्या एआयची, पॉवर ड्रोनवर ओतलीत, तेवढ्यात तिजोरी उघडली असती. शिवाय ताबा काही टर्नचाच. नंतर तोच ड्रोन तुमच्या मागे.

पर्वतीपायथा: हिशेबच करू. गार्डला बेशुद्ध करणारा साधा डिसरप्टर ड्रोनवर चालत नाही, म्हणजे तो वाटेत असला की पॉवर कुठेतरी जाणारच. आणि बेशुद्ध केलेला गार्ड काही टर्नमध्ये उठतो. त्याला दाबून ठेवायला एक एजंट अडकतो. दोनच एजंट असताना हे परवडतं? 1663 चं म्हणशील तर शाइस्तेखानाचा मुलगा त्या रात्री मारला गेलाच ना! छावणी गोळा व्हायच्या आत बाहेर पडले, हे महत्त्वाचं.

अर्धाकटिंग: बाहेर पडायची वेळ झालेली असेल तर ठीक. हा पठ्ठ्या लिफ्ट सापडायच्या आधीच ठो ठो करत होता! अलार्म तसाही दर टर्नला चढतो, त्यात आपण हातभार लावायचा?

ताई_गेमर: मारामारी कशाला? ड्रोन ताब्यात आला की त्याला पुढच्या खोलीत पाठवा. गार्ड कुठे, कॅमेरा कुठे, सगळं दिसतं, एजंट दाराआड सुरक्षित. बंदुकीपेक्षा त्याचे डोळे कामाचे. ते कोणी वापरतच नाही.

पर्वतीपायथा: ताई, बघून झाल्यावर गोळीही झाडता येते की.

नळस्टॉप_रात्री: एक्स्पर्ट प्लसच्या अवघड लेव्हलवर खेळून दाखव. तुझी पॉवर पहिल्या दोन खोल्यांत संपली नाही तर शनिवारची मिसळ माझ्याकडून.