ईआरव्हीचा कोअर पाण्याने धुऊ द्यायचा का? (ठाणे, घोडबंदर रोड)

कोलशेतची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही कोलशेतला चौदाव्या मजल्यावर राहतो. इंटिरियर करताना पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये ईआरव्ही (घरातली शिळी हवा बाहेर टाकून बाहेरची ताजी हवा गाळून आत आणणारं मशीन) बसवून घेतला. सासूबाईंना दमा आहे आणि शेजारी दोन टॉवरचं बांधकाम चालू आहे, त्यामुळे खिडक्या उघडायची सोयच नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो, हे कळल्यावर हा खर्च केला आणि त्याचा फायदाही झाला.

आता मात्र बेडरूमच्या जाळीपाशी हात धरला तर जेमतेम झुळूक लागते. हॉलमधून हवा ओढणारी जाळी अजून जोरात ओढते. कार्बन डायऑक्साइडचा मीटर आधी पहाटे ९०० पीपीएमच्या आसपास असायचा, तो आता १५०० च्या वर जातो. एएमसीवाला (वर्षाच्या देखभालीच्या कराराचा मेकॅनिक) म्हणतो, "आतला कोअर काढून जेट पंपाने धुऊन देतो, नव्यासारखा होईल." त्याचे वेगळे पैसे आहेत. देऊ का? आणि घरच्या घरी आपण काय काय करू शकतो?

नेरुळचे_डक्टवाले_काका

ताई, कोअर जेट पंपाखाली अजिबात देऊ नका. एसीची कॉइल धातूची असते, तिला पाणी चालतं. ईआरव्हीचा कोअर बऱ्याच मशिनांत खास कागदाचा असतो, काहींत पॉलिमरच्या पातळ पडद्याचा. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा त्या पडद्याच्या दोन बाजूंनी जाते. पडद्यातून उष्णता आणि बाष्प पलीकडे जातं, हवा मिसळत नाही. कागद भिजला की थर फुगतात, एकमेकांना चिकटतात, फाटतात, आणि हॉलमधली शिळी हवा ताज्या हवेत मिसळून परत बेडरूममध्ये येते. पॉलिमरचे काही कोअर साध्या पाण्याने हलक्या हाताने धुता येतात, पण कंपनीने तसं लिहून दिलं असेल तरच. नाहीतर व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश वरवर फिरवायचा, बस्स.

तुमच्या वर्णनावरून मला कोअरची शंका येतच नाही. बाहेर टाकणारी बाजू जोरात आणि आत आणणारी मंद, म्हणजे ताज्या हवेच्या वाटेत अडथळा आहे. आधी फिल्टर बघा. हे टाळू नका, कारण बाहेर जास्त आणि आत कमी असं झालं की घरातला दाब उतरतो. मग तुटीची हवा स्लायडिंगच्या फटीतून, लिफ्ट लॉबीतून, दाराखालून येते, तीही न गाळता. दम्याचं माणूस घरात असताना हे बरं नाही.

मेन बोर्डावरचा एमसीबी पाडा, नुसतं रिमोटवरून बंद करू नका. खाली जुनी चादर अंथरा आणि फिल्टर काढण्याआधी त्यावरच्या बाणाचा फोटो घ्या. जाडसर जाळीचा फिल्टर नळाखाली उलट बाजूने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. दमट लावलात तर बुरशी धरेल. घड्याघड्यांचा बारीक फिल्टर, एफ७ किंवा मर्व्ह १३ लिहिलेला, कधीच धुवायचा नाही. धुतल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण बारीक कण धरून ठेवायची त्याची ताकद गेलेली असते. तो बदलायचाच.

रिमोटवर येणारी फिल्टरची खूण मशीन किती तास चाललं एवढंच मोजते, किती धूळ बसली हे तिला कळत नाही. मॅन्युअलमधले "सहा महिने" शेजारी टॉवर उठत असताना धरून चालू नका. दिवाळीपासून होळीपर्यंत, आपल्याकडची हवा सगळ्यात वाईट असते तेव्हा, दर पंधरवड्याला झाकण उघडून बघा.

खारघर_सेक्टर३५

ताजी हवा आत घेणाऱ्या पाइपाचं बाहेरच्या भिंतीवरचं तोंडही बघून घ्या. आमच्या इंटिरियरवाल्याने तिथे डासांची जाळी लावली होती. तळोज्याकडची धूळ आणि कबुतरांची पिसं बसून ती पार बुजली, मग मोठ्या छिद्रांची जाळी लावून घेतली. चौदाव्या मजल्यावर खिडकीतून वाकून हात घालू नका. इमारतीच्या बाहेरच्या रंगाला दोरावरून उतरणारी माणसं येतात, त्यांच्याकडून करून घ्या. कबुतरांची घाण असेल तर कोरडी खरवडू देऊ नका, आधी ओली करायची आणि मास्क लावायचा. ती धूळ फुप्फुसांना फार वाईट, आणि पाइपाच्या त्याच तोंडातून तुमची ताजी हवा आत येते.

कोलशेतची_सून

काका, बारीक फिल्टर काळाकुट्ट निघाला! नवीन टाकला आणि आज पहाटे मीटरवर ९२० होते. कोअर पुठ्ठ्यासारखा कागदीच आहे, एएमसीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. खारघरवाले दादा, बाहेरच्या तोंडाचं सोसायटीत बोलते.

एक राहिलं. गेल्या जुलैत मशीनशेजारी फॉल्स सीलिंगला ओल आली होती. पावसाळ्यात बंद ठेवू का?

नेरुळचे_डक्टवाले_काका

बंद ठेवू नका. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड वस्तूवर बाष्पाचे थेंब जमतात. हॉलमधून खेचलेली एसीची थंड हवा ज्या डक्टमधून जाते, त्याचं इन्सुलेशन कुठे उघडं असेल तर तिथे बाहेरून घाम सुटतो आणि थेंब सीलिंगवर पडतात. टॉर्च घेऊन काळ्या रबराचे सांधे तपासा, टेप सुटलेली असते. दुसरं म्हणजे भिंतीबाहेर जाणारे दोन्ही पाइप बाहेरच्या बाजूला उतरते हवेत, नाहीतर पावसाची झड आत वाहत येते आणि तोच कोअर भिजतो. हे दोन्ही मे महिन्यात करून घ्या.

मात्र हे मशीन हवा कोरडी करत नाही, हे लक्षात असू द्या. एसी चालू असेल तेव्हा बाहेरून येणाऱ्या बाष्पातला काही भाग ते परत बाहेर धाडतं. एसी बंद असला की घरात आणि बाहेर दमटपणा सारखाच, मग त्याला वाचवण्यासारखं काही उरत नाही. तेव्हा कमी स्पीडवर चालू द्या, ताजी हवा तरी मिळेल.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने फिल्टरचं माप, बदलल्याची तारीख आणि "कागदी कोअर, पाणी नको" असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. एएमसीला दर वेळी नवा मुलगा येतो.