शब्दचर्चा: तालिकेतल्या नोंदी ‘शुद्ध’ करायच्या की ‘दुरुस्त’?

अर्धविराम

ग्रंथालयाची तालिका आणि तिच्यातल्या नोंदींचा दर्जा कसा सुधारावा, याबद्दलच्या एका पुस्तिकेचं मराठी करतो आहे. ग्रंथालयशास्त्र माझा विषय नाही, त्यामुळे जाणकारांना साकडं घालतो. ‘कॅटलॉग’ला सूची म्हणू की तालिका? ‘रेकॉर्ड’ला अभिलेख चालेल का? ‘क्लीन-अप’साठी शुद्धीकरण योजलंय, ते मला बरं वाटतंय. घोडं खरं अडलंय ते ‘ऑथॉरिटी रेकॉर्ड’पाशी, म्हणजे एका लेखकाची अनेक नावं असतील तर पुस्तकं कुठल्या नावाखाली आणायची हे सांगणारी नोंद. ‘प्राधिकार अभिलेख’ असं लिहून पाहिलं, पण वाक्यात बसवलं की सरकारी फर्मान वाचल्यासारखं वाटतं.

कार्डकपाट

तालिकाच म्हणा. सूची ही कशाचीही असते, आणि एखाद्या विषयावरची पुस्तकं, मग ती जगात कुठेही असोत, नोंदवून ठेवली की ती ग्रंथसूची. तालिका सांगते ती *या* ग्रंथालयात काय आहे आणि कुठल्या फडताळात. मराठी पाठ्यपुस्तकांत तालिका, तालिकीकरण, तालिकाकार हे शब्द रुळलेले आहेत. विधानसभेतल्या तालिका अध्यक्षांची आठवण होते खरी, पण त्याला इलाज नाही.

अभिलेख नको. त्या शब्दाला जमिनीच्या कागदपत्रांचा वास येतो, शिवाय अभिलेखागार हे निराळंच दुकान आहे. साधी ‘नोंद’ पुरे. एकच अडचण आहे. कार्डांच्या काळात एका पुस्तकाची लेखकाखाली एक नोंद, नावाखाली एक, विषयाखाली दोन-तीन, अशी चार-पाच कार्डं व्हायची. संगणकात पुस्तकाची नोंद एकच असते आणि तिच्याकडे यायच्या वाटा अनेक. पुस्तिकेत ‘एंट्री’ आणि ‘रेकॉर्ड’ असे दोन शब्द येत असतील तर पहिल्याला प्रविष्टी म्हणा आणि दुसऱ्याला नोंद.

तुम्हाला बरा वाटणारा ‘शुद्धीकरण’ मात्र काढून टाका, ही कळकळीची विनंती. मराठी माणसाच्या कानाला ‘शुद्ध’ म्हटलं की पहिल्यांदा शुद्धलेखन ऐकू येतं. मी हे परिणामांसकट पाहिलं आहे. कार्डांवरच्या नोंदी संगणकात चढवायचं काम चालू होतं. आम्हाला मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं ‘नोंदींचे शुद्धीकरण करावे’. मदतीला आलेल्या एका हुशार, मेहनती मुलाने ‘कांहीं’चं ‘काही’ केलं, ‘नाहीं’चं ‘नाही’, ‘गाणीं’वरचा अनुस्वार उडवला. दोन महिने तो हेच करत होता. आणि ती सगळी पुस्तकं १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी छापलेली! त्यांच्यावर तसंच छापलं होतं. तालिकाकाराचा नियम असा की पुस्तकाचं नाव पुस्तकावर आहे तसं उतरवायचं. जुनी दोन पुस्तकं एकमेकांपासून ओळखायला कधी कधी तो एक अनुस्वारच उरलेला असतो. पोराची चूक नव्हती. त्याने शब्द वाचला आणि शब्दाप्रमाणे वागला.

ऱ्हस्वदीर्घ

मुद्दा पटला, पण मग चुका तशाच ठेवायच्या का? पुस्तकावरच छापताना चूक झाली असेल तर? आणि आजचा वाचक ‘काही’ असंच शोधणार. त्याला ते पुस्तक मिळणारच नाही.

कार्डकपाट

अहो, छपाईची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवायची. मग बरोबर रूप शेजारी वेगळ्या रकान्यात द्यायचं म्हणजे शोधणाऱ्याला दोन्हीकडून वाट मिळते. अनुस्वारांचंही तेच. उतरवलेलं आणि शोधायचं, या दोन गोष्टी तालिकेत वेगळ्या असतात. ‘शुद्धीकरण’ त्यांची गल्लत करतं, ‘दुरुस्ती’ करत नाही. दुरुस्ती म्हटलं की काय बिघडलंय हे आधी पाहावं लागतं.

खरी चूक कशी असते ते सांगतो. शीर्षकपृष्ठावर ‘१८५०’ छापलेलं, नोंदीत प्रकाशन वर्ष १८५०. पुस्तक शके १८५० चं, म्हणजे इसवी सन १९२८ किंवा २९ चं. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, पुढे फाल्गुनापर्यंत ७९. अशी एक नोंद म्हणजे जवळपास ऐंशी वर्षांची थाप, आणि ती शुद्धलेखनाच्या दृष्टीने अगदी निर्दोष असते.

रकाना २४५

संगणकाच्या बाजूने थोडी भर. एक घोळ असा आहे की तो डोळ्यांना दिसतच नाही. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपं एक करायची ठरलेली पद्धत, चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. त्यासाठी नियम आपणच लिहावा लागतो. अशा कामाला दुरुस्तीही म्हणवत नाही, कारण चुकलेलं कोणीच नसतं. आम्ही ‘एकरूप करणे’ म्हणतो.

थोडक्यात, ‘क्लीन-अप’ला एक शब्द शोधूच नका. बिघडलेलं दुरुस्त करणं, वेगवेगळं लिहिलेलं एकरूप करणं, अपुरं असेल तिथे भर घालणं, ही तीन कामं आहेत आणि तिन्हीला वेगळी माणसं लागतात. पहिल्याला पुस्तक हातात हवं, दुसरं यंत्र करतं, तिसऱ्याला विषय कळावा लागतो. पुस्तिकेत जिथे जे काम असेल तिथे ते क्रियापद वापरा.

अर्धविराम

हे फारच उपयोगी. पुस्तिकेत तो शब्द बावीस वेळा आलाय, म्हणजे बावीस वेळा विचार करावा लागणार! ऑथॉरिटीचं काय करू? ‘प्रमाण नोंद’ कसं वाटतं, प्रमाणभाषेसारखं?

ऱ्हस्वदीर्घ

‘प्रमाण’ छान आहे. अधिकारापेक्षा मापाचा, ठरावाचा अर्थ त्यात आहे.

कार्डकपाट

छान आहे, पण पुन्हा तोच खड्डा. प्रमाण म्हटलं की बाकीची रूपं अप्रमाण, म्हणजे कमअस्सल. इथे तसं काही नसतं. एक उदाहरण घ्या: विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर आणि बाळूताई खरे. बाई एकच. एक टोपणनाव, एक लग्नानंतरचं, एक माहेरचं. यांतलं खोटं कुठलं? एकही नाही. तालिकाकाराला एवढंच हवं असतं की पुस्तकं तीन ठिकाणी विखुरली जाऊ नयेत. म्हणून तो एका रूपाखाली सगळी आणतो आणि उरलेल्या दोन रूपांपाशी पाटी लावतो: ‘तिकडे पाहा’. त्या एका रूपाचं मोठेपण एवढंच की तिथे जमायचं ठरलं आहे.

आणि कधी कधी तेही ठरवायचं नसतं. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, पण कविता एका नावाने आणि नाटकं दुसऱ्या नावाने. लेखकाने स्वतःच दोन घरं केली असतील तर नियम ती दोन्ही ठेवू देतात आणि मधे ‘हेही पाहा’ची ये-जा ठेवतात. इथे प्रमाण कुठलं म्हणणार?

रकाना २४५

मार्क २१ मध्ये, म्हणजे संगणकात तालिकेच्या नोंदी ज्या ठरलेल्या साच्यात भरतात त्यात, हे अगदी उघड दिसतं. नावाच्या नोंदीत १०० क्रमांकाच्या रकान्यात ठरलेलं रूप, ४०० मध्ये ‘पाहा’वाली, ५०० मध्ये ‘हेही पाहा’वाली. शिवाय व्हायॅफ नावाची जी आंतरराष्ट्रीय जोडणी आहे ती निरनिराळ्या राष्ट्रीय ग्रंथालयांची रूपं एकत्र बांधते, पण कोणालाही आपलं रूप सोडायला लावत नाही. लिपीसुद्धा ज्याची त्याची. तेव्हा ‘मान्य रूप’ म्हणा. मान्य म्हटलं की कोणीतरी, कुठेतरी, काही कामापुरतं मानलेलं हे आपोआप येतं. नोंदीला ‘मान्यरूप-नोंद’.

अर्धविराम

मान्य! आता एक कबुली. पुस्तिकेत ‘हेडिंग’ (ज्या नावाखाली किंवा विषयाखाली नोंद लागते ते) हा शब्दही आहे, आणि मी त्याला ‘शीर्षक’ केलंय. ‘टायटल’लाही ‘शीर्षक’च केलंय. आता वाचताना माझं मलाच कळेना कुठलं कुठलं.

कार्डकपाट

हा सगळ्यांचाच घोळ आहे, ‘विषयशीर्षक’ या शब्दामुळे तो पक्का होऊन बसलाय. तो आता हलणार नाही. पुस्तकाच्या नावाला ‘ग्रंथनाम’ म्हणा, शीर्षक हेडिंगला सोडा. इंग्रजीतही त्यांना हा शब्द जड झाला असावा, कारण २०१० च्या आरडीए या तालिकीकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने ‘हेडिंग’ टाकून ‘मान्य प्रवेशबिंदू’ अशा अर्थाची संज्ञा घेतली.

‘टायटल पेज’ला काय केलंय ते मात्र ताबडतोब तपासा.

अर्धविराम

मुखपृष्ठ.

कार्डकपाट

वाटलंच होतं! मुखपृष्ठ म्हणजे चित्र असलेलं बाहेरचं कव्हर. तालिकाकार नाव घेतो ते आतल्या शीर्षकपृष्ठावरून, आणि दोन्हीकडचं नाव वेगळं असणं मुळीच दुर्मिळ नाही. बाहेर ठसठशीत दोन शब्द, आत पूर्ण नाव उपनावासकट. तुमची पुस्तिका वाचून कोणी मुखपृष्ठावरून नोंदी केल्या तर त्या परत दुरुस्त करायला आणखी एक पुस्तिका लागेल.

‘एडिशन’लाही जपा. आपल्याकडे साधं पुनर्मुद्रण केलं तरी सर्रास ‘दुसरी आवृत्ती’ छापतात. अक्षराचा फरक नसतो. नोंदीत जे छापलंय तेच लिहायचं, पण तुमच्या मजकुरात आवृत्ती म्हणजे मजकूर बदललेली आणि मुद्रण म्हणजे नुसतं पुन्हा छापलेलं, हा भेद सांभाळा.

अर्धविराम

शेवटचं विचारतो. ‘डुप्लिकेट रेकॉर्ड’ला ‘जुळ्या नोंदी’ लिहिलंय. गोड वाटतं.

ऱ्हस्वदीर्घ

दुबार नोंदी. मतदारयाद्यांनी हा शब्द घरोघरी पोचवलाय.

रकाना २४५

दुबारच. पण ‘जुळ्या’ फेकू नका, त्यालाही काम आहे. एकच पुस्तक दोनदा चढलं तर ती दुबार, एक ठेवून दुसरी तिच्यात मिळवायची. एकाच नावाचे दोन लेखक, किंवा पहिली आवृत्ती आणि सुधारून वाढवलेली दुसरी, यांच्या नोंदी यंत्राला हुबेहूब वाटतात, पण असतात दोन. त्या जुळ्या, त्यांना हात लावायचा नाही. यंत्राने काढलेल्या ‘बहुधा दुबार’ यादीतून या जुळ्या निवडून बाजूला काढणं हेच आमचं निम्मं काम असतं, आणि त्याला आजवर आमच्याकडे शब्द नव्हता.