काम पासाच्या रस्त्यावरच शोधा
कॉलेज करता करता काम कुठे शोधावं, या प्रश्नावर एकांनी नवी मुंबईत ऐरोलीतल्या कॉल सेंटरची नाइट शिफ्ट सुचवली आहे. पहिल्या वर्षाला तरी कृपया नको. मुंबई विद्यापीठाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, आणि रात्रभर जागून सकाळी सातच्या लेक्चरला बसणं फार दिवस झेपत नाही. कॉमर्सवाल्यांनी दुपारनंतरचं अर्धवेळ काम बघावं. सायन्सला प्रॅक्टिकल्समुळे तेही अवघडच.

लोकलचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढाच मिळतो. ठाण्यात राहून वाशीला शिकत असाल तर रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे त्यातच येतात. काम तिथेच शोधा, भाडं वाचेल. आणि वाशीत रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजात प्रवेश असेल तर आधी ऑफिसात ‘कमवा आणि शिका’ची, म्हणजे काम करून शिकण्याच्या योजनेची, चौकशी करा. रयतचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरजू मुलांसाठीच ती वाट घालून दिली, त्यात संकोच कसला?